पीकेयू असलेल्या बाळाच्या आहाराचा हिशेब कोणत्या अॅपवर ठेवावा? आपले पदार्थ त्यात सापडत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की मुलगी १० महिन्यांची आहे, पीकेयूचं, म्हणजे प्रथिनांतलं फेनिलअॅलनिन हा घटक (अमिनो आम्ल) शरीराला नीट मोडता न येणाऱ्या जन्मजात विकाराचं, निदान झालंय, आहारतज्ज्ञांनी दिवसाला २५० मिलिग्रॅम फेनिलअॅलनिनची, म्हणजे पीएचईची, मर्यादा घालून दिलीय आणि फोनवर घेतलेल्या परदेशी अॅपमध्ये ना मऊ भात सापडतो ना नाचणीचं सत्त्व. माझ्या मुलालाही पीकेयू आहे. तो आता शाळेत जातो, डबा नेतो, आणि त्याचे रिपोर्ट बहुतेक वेळा मर्यादेत येतात. त्या अनुभवावरून सांगते, आपल्या घरच्या सगळ्या स्वयंपाकाला पुरेल असं एकच अॅप शोधण्यात वेळ घालवू नका. आकडे भरवशाच्या तक्त्यातून घ्या आणि हिशेब स्वतःच्या शीटमध्ये ठेवा. तो हिशेब जमतोय की नाही हे रक्ताचा रिपोर्टच सांगेल.

तक्ता कोणता? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेला भारतीय अन्नघटकांचा तक्ता. इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स किंवा नुसतं आयएफसीटी म्हणून शोधा. त्यात ५२८ पदार्थ आहेत आणि नमुने देशभरातून गोळा केलेले आहेत. मराठीसह भारतीय भाषांतली नावंही दिलीत, त्यामुळे दुधी, पडवळ, घोसाळं शोधायला अडत नाही. आपल्या कामाचं सर्वांत मोलाचं म्हणजे त्यात प्रथिनांबरोबर एकेका अमिनो आम्लाचेही आकडे आहेत.

फक्त तो वाचायचा कसा हे आधी समजून घ्या. अमिनो आम्लांचे आकडे तिथे १०० ग्रॅम पदार्थामागे दिलेले नाहीत, १०० ग्रॅम प्रथिनामागे दिले आहेत. म्हणून आधी प्रथिनाचा आकडा घ्यायचा, त्याला पीएचईच्या आकड्यानं गुणायचं आणि आलेल्याला १० नं गुणायचं. १०० ग्रॅम पदार्थात किती मिलिग्रॅम पीएचई आहे ते मिळतं. तांदळाचं बघा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात प्रथिनं साधारण ८ ग्रॅम आणि पीएचईचा आकडा ५.३ च्या आसपास. ८ गुणिले ५.३ गुणिले १०, म्हणजे सुमारे ४२४ मिलिग्रॅम. तुमच्या मुलीची दिवसाची मर्यादा ६० ग्रॅम कच्च्या तांदळातच संपेल.

दुसरी गोष्ट, या तक्त्यातले आकडे कच्च्या पदार्थांचे आहेत, आणि माझ्या मते ही आपली सोयच आहे. शिजलेल्या भाताचं वजन पाण्यावर ठरतं. कुणाचा भात मोकळा, कुणाचा गिच्च. अॅपमध्ये 'शिजलेला भात १०० ग्रॅम' असं लिहून जो आकडा येतो, तो दुसऱ्या कुणाच्या तरी भाताचा असतो. म्हणून १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या आणि सगळं कच्चं असतानाच मोजा. उदाहरणार्थ, तांदूळ ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे २१० मिलिग्रॅम. सोललेला दुधी १०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १५. वर साजूक तूप, त्यात पीएचई जवळजवळ नाहीच. एकूण २२५. आता शिजल्यावर पातेल्यासकट वजन करा, पातेल्याचं वजा करा. समजा ३०० ग्रॅम मऊ भात झाला. मग १०० ग्रॅममध्ये ७५ मिलिग्रॅम. मुलीनं ८० ग्रॅम खाल्ला तर ६०. वाटीत उरलेलंही मोजायचं, कारण या वयात अर्धं अन्न लाळेऱ्यावर जातं.

नाचणीच्या सत्त्वाचा आकडा मात्र कुठल्याच तक्त्यात नेमका मिळणार नाही. तुम्ही किती वेळा वाटता, किती बारीक फडक्यातून गाळता यावर तो बदलतो. आहारतज्ज्ञांना विचारून एक आकडा ठरवून घ्या आणि सत्त्व नेहमी एकाच पद्धतीनं करा. 'जास्तच धरू, म्हणजे धोका नको' असं करू नका. पीएचई हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल आहे. रोज जास्त धरत गेलात तर मुलीला ते कमी पडेल आणि वाढ खुंटेल. वरची मर्यादा जितकी मोलाची, तितकीच खालचीही.

तुमच्या परदेशी अॅपबद्दल. ती वाईट नाहीत, पण प्रत्येकाचं मोजमाप वेगळं असतं. अमेरिकेतल्या नॅशनल पीकेयू अलायन्सचं 'हाऊ मच पीएचई' थेट मिलिग्रॅममध्ये हिशेब करतं आणि त्यातली माहिती आपल्यासारख्यांसाठीच जमवलेली आहे. ब्रिटनमध्ये मात्र 'एक्स्चेंज' मोजतात. एक एक्स्चेंज म्हणजे ५० मिलिग्रॅम पीएचई, म्हणजे ढोबळमानानं १ ग्रॅम प्रथिन. तिथल्या एखाद्या आईनं 'आमचे ५ एक्स्चेंज' लिहिलं की ते २५० मिलिग्रॅम समजा. त्यांच्याकडे १०० ग्रॅमला ७५ मिलिग्रॅमपर्यंत पीएचई असलेली फळं-भाज्या मोजतच नाहीत. तुमच्या आहारतज्ज्ञांनी सगळं मोजायला सांगितलं असेल तर ती पद्धत अर्धवट उचलू नका. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की हिशेब कुठलाच राहत नाही.

'१ ग्रॅम प्रथिन म्हणजे ५० मिलिग्रॅम' हा नियम तांदूळ-गव्हाला बऱ्यापैकी चालतो. फळं-भाज्यांमध्ये पीएचई बहुधा त्याहून कमी भरतं. तुरीच्या डाळीत मात्र १ ग्रॅम प्रथिनामागे ते ८० च्या आसपास जातं. म्हणून हे आजी-आजोबांना नीट समजावून सांगा. आपल्याकडे बाळाला वरणाचं पाणी भरवतात ते प्रेमापोटी, पण आपल्या मुलांसाठी ते 'नुसतं पाणी' नाही.

अमेरिकी कृषी खात्याचं 'फूडडेटा सेंट्रल' फुकट आहे. आयएफसीटीत नसलेल्या पदार्थांसाठी मी ते वापरते. तिथे पीएचई ग्रॅममध्ये असतं, ०.२५ दिसलं की २५० मिलिग्रॅम वाचायचं. पाकीटबंद मालाच्या नोंदींत अमिनो आम्लं सहसा नसतात, त्यामुळे साध्या, ब्रँड नसलेल्या नोंदी निवडा. वजन कमी करण्यासाठी लोक वापरतात ती कॅलरी मोजणारी अॅप मात्र आपल्या कामाची नाहीत. त्यांतल्या बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनी पाकिटावरून उतरवलेल्या असतात, आणि अमेरिकेत एका खेपेच्या मापात अर्ध्या ग्रॅमहून कमी प्रथिन असेल तर लेबलवर शून्य छापायला परवानगी आहे. आपल्याकडे अर्धा ग्रॅम म्हणजे २५ मिलिग्रॅम, तुमच्या मुलीच्या दिवसाचा दहावा हिस्सा. चॅटबॉटला आकडा विचारण्याच्या तर मी पूर्ण विरोधात आहे. तो चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे सांगतो.

शीटमध्ये काय असावं? माझ्याकडे दोन पानं आहेत. पहिल्यावर पदार्थ, १०० ग्रॅमला पीएचई, प्रथिनं, कॅलरी आणि आकडा कुठून घेतला ते. हा शेवटचा रकाना गाळू नका. पुढच्या भेटीत आहारतज्ज्ञ प्रत्येक आकडा तपासू शकतात. दुसऱ्या पानावर रोजचं खाणं, खास पावडर किती घेतली ते, आणि रक्ताचे रिपोर्ट. पावडरीची नोंद सर्वांत महत्त्वाची. मुलांना लागणारं बहुतेक प्रथिन पीएचई नसलेल्या त्या पावडरीतूनच मिळतं. ती कमी गेली तर जेवण काटेकोर असूनही रिपोर्ट चढतो. अंगावर पाजत असाल तर तेही धरायचं. आईच्या दुधात १०० मिलिलिटरला साधारण ४५ ते ५० मिलिग्रॅम पीएचई असतं. थेट पाजताना ते मोजता येत नाही, म्हणून आधी ठरलेली पावडर आणि मग अंगावर, असा क्रम देतात. तुमचा क्रम डॉक्टरांकडून पक्का करून घ्या. शीट नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या फोनवरही उघडी ठेवा आणि नेहमीच्या पदार्थांचा एक छापील कागद फ्रीजवर लावा. पाळणाघरात तोच कागद उपयोगी पडतो.

रिपोर्ट नोंदवताना एकक बघा. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर लिहितात, परदेशी अॅप मायक्रोमोल प्रति लिटर मागतात. १ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर म्हणजे सुमारे ६० मायक्रोमोल प्रति लिटर. या वयात सर्वसाधारणपणे १२० ते ३६० मायक्रोमोल, म्हणजे २ ते ६ मिलिग्रॅम, असं लक्ष्य ठेवतात. तुमचं लक्ष्य तुमचे डॉक्टर सांगतील ते.

आपल्या घरात एक वरदान आहे, साबुदाणा. त्यात प्रथिन नाममात्र, १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. रताळं, आरारूट, साखर, तूपही कामाचं. माझ्या मुलाचं पोट भरण्याचा निम्मा भार साबुदाण्यावर आहे. म्हणून नातेवाईक म्हणतील, 'मग उपवासाचं सगळं चालतं ना?' नाही. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, राजगिऱ्यात साधारण १४. वरई हे धान्यच आहे, तीही मोजूनच. बाजारच्या उपवास भाजणीत यातलं किती काय आहे ते कळत नाही, म्हणून मी ती आणतच नाही.

कुठलंही अॅप दोन गोष्टी पकडत नाही. पहिली, अॅस्पार्टेम. या गोडीत पीएचई असतं, पण प्रथिनांच्या रकान्यात ते दिसत नाही. लेबलवर ९५१ हा क्रमांक शोधा. साखरमुक्त सरबतं आणि चघळायच्या गोळ्याच नव्हे, लहान मुलांच्या औषधांतही ते असू शकतं. औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगा. दुसरी, ताप. आजारपणात शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि खाणं मोजून दिलेलं असलं तरी रक्तातलं पीएचई वाढतं. तेव्हा हिशेबात चूक शोधत बसू नका, पावडर आणि प्रथिन नसलेल्या कॅलरी पोटात जातील हे बघा आणि जिथे उपचार चालू आहेत त्या केंद्राला फोन करा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या बाळाला एमएसयूडी किंवा युरिया सायकलचा विकार (प्रथिनं नीट न पचण्याचे दुसरे जन्मजात आजार) असेल तर माझे आकडे वापरू नका. तिथे ल्यूसिन हे दुसरं अमिनो आम्ल किंवा एकूण प्रथिनं मोजतात, आणि साधा ताप-उलटीही काही तासांत जिवावर बेतू शकते. अशा जन्मजात चयापचय विकारांवर काम करणाऱ्या ब्रिटनच्या बीआयएमडीजी गटाच्या तातडीच्या उपचारांच्या सूचना इंटरनेटवर खुल्या आहेत. त्या आपल्या डॉक्टरांना दाखवून मुलाच्या नावानं पत्र करून घ्या आणि ते फोनमध्येही ठेवा आणि पिशवीतही.

पावडरीच्या खर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात पीकेयू खास आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांच्या गटात आहे. ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मदत मिळते. मुंबईचं केईएम त्यातलं एक. नोंदणी लवकर करा.

पहिली यादी २०-२५ पदार्थांचीच करा, जे खरोखर तुमच्या घरात शिजतं तेवढंच. एखादा पदार्थ अडला तर त्याची कृती कच्च्या वजनांसह इथे खाली लिहा, मी हिशेब करून दाखवते. मग तो आहारतज्ज्ञांकडून तपासून घ्या.