आकडेच नसलेला आलेख सातवीतल्या मुलाला कसा समजावायचा?

तुमचा मुलगा विचारतो, ‘अक्षांवर आकडेच नाहीत, मग सोडवू काय?’ असंच काहीसं मी बारा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. म्हणून लिहायला बसले.

सातवीच्या चाचणीत एक आलेख होता. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर. रेघ जराशी चढते, मग आडवी जाते, मग पुन्हा चढते. प्रवासाचं वर्णन करा, एवढाच प्रश्न. गोव्यातल्या चोडण बेटावरची एक मुलगी रोज फेरीबोटीनं पलीकडे रायबंदरला उतरून शाळेत यायची. तिनं लिहिलं, ‘मी चालत धक्क्यावर गेले. बोट पलीकडे होती म्हणून थांबले. मग बोटीत बसले.’ पाचपैकी शून्य! लाल फुली इतकी दाबून मारलेली की मागच्या पानावर हाताला लागत होती. उत्तरसूचीत होतं: आधी चढण, मग सपाट रस्ता, मग पुन्हा चढण.

पेपर तपासणाऱ्या त्या सहकाऱ्यांना मी म्हटलं, ‘सर, उभ्या अक्षावर उंची नाही, अंतर आहे. ते वाढत नाही म्हणजे पोर जागेवर उभी आहे.’ ते म्हणाले, ‘आकड्यांशिवाय आलेख म्हणजे चित्रकला. चित्रात चढण दिसते ना, मग चढणच.’ गुण बदलले नाहीत. पुढच्या परीक्षेत तसाच आलेख आला तेव्हा तिनं मुकाट्यानं ‘सपाट रस्ता’ लिहिलं. ते मला आजही सलतं.

चित्रकला कसली? आजच्या आलेखांचा पाया मानली जाणारी, फ्रेंच गणितज्ञ देकार्तची भूमिती आली १६३७ साली. त्याच्या कितीतरी आधी, १४व्या शतकात, निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानानं बदलता वेग आकृती काढून दाखवला होता, आणि तोही काही मोजमाप न करता. आधी बदल कसा होतो ते दिसावं लागतं, आकडे मागाहून.

मुलासाठी एक करा. घरातली कळशी घ्या आणि एकाच पेल्यानं भरत जा. प्रत्येक पेल्यानंतर माडाच्या झावळीचा हीर आत तळापर्यंत सोडायचा आणि ओल जिथवर आली तिथं नखानं खूण करायची. पोटाशी खुणा दाटीवाटीनं येतात, गळ्याशी पोचलं की लांब लांब पडायला लागतात. आता त्याला पेले आडवे आणि पाण्याची उंची उभी धरून नुसती रेघ काढू दे. गळ्याशी रेघ उभट का झाली, हे तो स्वतःच सांगेल. आलेख दिसला की आधी रेघेवर तळहात ठेवून दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायची सवयही लावा.

हो, एक राहिलंच. उभ्या अक्षावर अंतराऐवजी वेग असेल तर आडव्या रेघेचा अर्थ थांबणं नाही, एकाच वेगानं जाणं. इथं हुशार मुलंही फसतात. आणि पुढच्या वर्गांत रेषेचा चढ काढायला आकडे लागणारच, तेव्हा आकड्यांशी वैर नको.

शाळेत बरोबर उत्तरावर फुली आली तर गप्प बसू नका. शिक्षकांसमोर उभ्या अक्षावर बोट ठेवा आणि इथं काय लिहिलंय ते विचारा. मी तो पेपर घेऊन त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जायला हवं होतं.