९,२१,६०० बाइटची फाइल

प्रश्न : खराब झालेल्या हार्ड डिस्कमधून काढलेल्या फायलींची नावं आणि एक्स्टेन्शन गेली आहेत. बऱ्याच ९,२१,६०० बाइटच्या आसपास आहेत, पण एकही उघडत नाही. ही चित्रं असतील का?

उत्तर : असण्याची शक्यता भरपूर आहे, मुळीच डिलीट करू नका. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट धरले की ९,२१,६०० होतात. जेपेगचा आकार चित्रागणिक बदलतो. कॉम्प्रेस न केलेल्या फायलींचा बदलत नाही. म्हणून आधी ९,२१,६०० पेक्षा किती बाइट जास्त आहेत ते मोजा; ते बहुधा हेडरचे, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला असलेल्या चित्राच्या माहितीचे असतात.

आकडा ९,२१,६५४ असेल तर बहुधा बीएमपी हा चित्राचा फॉरमॅट. त्याचं हेडर सहसा ५४ बाइटचं असतं. कॉपी करून हेक्स एडिटरमध्ये (फाइलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा, सुरुवातीला बी आणि एम ही अक्षरं दिसतील. १९वा बाइट १२८ आणि २०वा २ असेल तर रुंदी पक्की, कारण २ गुणिले २५६ अधिक १२८ म्हणजे ६४०. मी एकदा हेडर सोडून बाकीचे बाइट जसेच्या तसे चित्र म्हणून वाचले, तर माणसं उलटी आणि चेहरे निळे! बीएमपीत ओळी सहसा खालून वर लिहिलेल्या असतात आणि ठिपक्यात निळा आधी येतो, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

१५ बाइट जास्त असतील तर पीपीएम हा दुसरा चित्र-फॉरमॅट असू शकेल. त्याचं हेडर साध्या अक्षरांत असतं : पी६, मग ६४० ४८०, मग २५५. मला हा फॉरमॅट फार आवडतो, नोटपॅडमध्येसुद्धा ओळख पटते. टीजीए हा तिसरा फॉरमॅट मात्र अवघड. सुरुवातीला खूण नसते, १८ बाइटचं हेडर आणि तिसरा बाइट २ एवढ्यावर अंदाज बांधायचा. १९८९ नंतरच्या आवृत्तीत शेवटी 'ट्रूव्हिजन-एक्सफाइल' सापडतं.

नेमके ९,२१,६०० असतील तर हेडरच नाही. जिम्प या चित्रांच्या प्रोग्राममध्ये रॉ डेटा (हेडर नसलेले नुसते बाइट) म्हणून उघडा आणि रुंदी बदलून पाहा. रुंदी एका ठिपक्याने चुकली तरी चित्रातल्या दाराची उभी चौकट तिरकी पडते. ती सरळ झाली की रुंदी जमली. रंगीत जमलंच नाही, तर ठिपक्याला एकच बाइट धरून १२८० बाय ७२० कृष्णधवल करून पाहा, त्याचेही बरोबर ९,२१,६०० बाइट होतात.