सहावी-सातवीच्या मुलांना भूगोलाच्या पाच मूलभूत सूत्रांची ओळख कशी करून द्यावी?

आपण विचारले आहे की स्थान, स्थळ, मानव-पर्यावरण संबंध, हालचाल आणि प्रदेश या पाच सूत्रांच्या व्याख्या मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात, पण त्यांचा उपयोग त्यांना कळत नाही. तेव्हा सुरुवात कुठून करावी. मी सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात बरीच वर्षे भूगोल शिकवत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

ही मांडणी १९८४ साली अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञांच्या आणि भूगोल शिक्षकांच्या संघटनांनी मिळून शालेय शिक्षणासाठी केली. ती करताना हे पाच धडे आहेत असा हेतू नव्हता. कोणत्याही एका ठिकाणाला विचारायचे हे पाच प्रश्न आहेत. माझ्या मते आपली अडचण इथेच आहे. स्थान शिकवताना लंडनचे उदाहरण, हालचाल शिकवताना सुएझ कालव्याचे आणि प्रदेश शिकवताना सहारा वाळवंटाचे दिले, तर मुलांच्या हाती पाच सुटे तुकडे लागतात. एकच ठिकाण घ्यावे, तेही मुलांच्या पायाखालचे, आणि पाचही प्रश्न त्यालाच विचारावेत.

स्थानावर मी फार वेळ घालवत नाही. आटपाडी साधारण १७° २५′ उत्तर अक्षांशावर आणि ७४° ५७′ पूर्व रेखांशावर आहे, हे मुले नकाशासंग्रहातील वृत्तजाळीवर अर्ध्या तासात शोधून काढतात. मात्र त्यानंतर लगेच सापेक्ष स्थानाकडे, म्हणजे इतर ठिकाणांच्या संदर्भात आपण कुठे आहोत याकडे, वळावे, कारण खरा भूगोल तिथून सुरू होतो. आटपाडीपासून महाबळेश्वर सरळ रेषेत साधारण दीडशे किलोमीटर आहे. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आमच्याकडे सरासरी पाचशेसुद्धा भरत नाही. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून मी काही वेळ गप्प राहतो. मुले स्वतःच कारण विचारतात, आणि मग पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगरांनी पाऊस अडवल्यामुळे पलीकडे कोरडा राहणारा भाग, हा शब्द सांगितला की तो पुन्हा पाठ करून घ्यावा लागत नाही.

स्थळ म्हणजे त्या जागेचे स्वतःचे रूप, हे वर्गात बसून शिकवण्यात अर्थ नाही. आम्ही माणगंगेच्या पात्रात जातो, जे वर्षातील बराच काळ कोरडे असते, आणि आसपासच्या माळावर हलकी मुरमाड जमीन किती खोल आहे ते मुले खुरप्याने उकरून पाहतात. वीतभर खाली खुरपे मुरमावर आपटते. याच जमिनीवर डाळिंबाच्या बागा का उभ्या राहिल्या, खिल्लार जनावरे आणि मेंढ्या इथे का टिकून राहिल्या, याचे अर्धे उत्तर त्या आवाजात असते.

मानव-पर्यावरण संबंधासाठी आमच्याकडे टेंभू उपसा सिंचन योजना आहे. कराडजवळ कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने पंपांनी वर उचलले जाते आणि कालव्यांतून दुष्काळी तालुक्यांत आणले जाते. माणसाने निसर्गावर मात केली, असे म्हणून हा विषय संपवू नये. पाणी आल्यावर पिके कशी बदलली, विजेचा खर्च कोणी भरायचा, पाणी आधी कोणाच्या शेताला मिळते, हे सगळे प्रश्न याच सूत्रातले आहेत आणि मुलांनी ते घरी रोज ऐकलेले असतात. एक गोष्ट मात्र नकाशावर बोट फिरवून दाखवावी: कृष्णेतून उचललेले हे पाणी माणगंगेच्या खोऱ्यात येते, माणगंगा भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात पुन्हा कृष्णेलाच मिळते. हे पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मला कोणत्याही चाचणीपेक्षा मोलाचे वाटते.

हालचाल या सूत्रासाठी मी भारताचा मोठा भिंतीवरचा नकाशा आणि मूठभर बाजरी घेऊन जातो. ज्याचे काका, मामा किंवा वडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी परगावी आहेत त्याने त्या गावावर डिंकाने एक दाणा चिकटवायचा. पाहता पाहता तमिळनाडू, केरळ आणि उत्तरेकडील शहरांवर दाणे दिसू लागतात. मग विचारायचे की लोक गेले, पण परत काय येते? पैसे येतात, हे उत्तर लगेच मिळते. थोडे थांबले की दुसरी उत्तरेही येतात: गावात बांधलेले घर, जत्रेची वर्गणी, तिकडच्या भाषेतले शब्द, एखाद्या मुलीच्या घरी सकाळी होणारी इडली. माणसे, वस्तू आणि कल्पना या तिन्हींची हालचाल एका नकाशावर येते. आपल्या गावाजवळ ऊसतोड मजूर, मेंढपाळ किंवा मुंबईत माथाडी काम करणारी कुटुंबे असतील, तर तेच घ्यावे.

प्रदेश हे सूत्र मी मुद्दाम शेवटी ठेवतो आणि त्याला सर्वांत जास्त वेळ देतो, कारण प्रदेश म्हणजे जिल्हा किंवा राज्य असा मुलांचा पक्का समज असतो. माणदेश, म्हणजे माणगंगेच्या आसपासचा आमचा दुष्काळी भाग, हा कोणत्याही सरकारी नकाशावर आखलेला नाही; तो सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत विभागलेला आहे, तरी सगळे त्याला ओळखतात. प्रत्येकाला तालुक्यांच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून माणदेशाची सीमा काढायला सांगावी. एकही सीमा दुसरीशी जुळत नाही. कोणी पावसावरून काढतो, कोणी नदीच्या खोऱ्यावरून, कोणी बोलीवरून. सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले की मधला भाग गडद दिसतो आणि कडा पुसट होतात. निकष बदलला की सीमा बदलते, हे तेव्हा सांगावे, त्याआधी सांगू नये.

एका मुलाने सीमा आजीला विचारून काढली होती. जिथे उसाचे फड लागतात तिथे माणदेश संपतो, असे आजीने सांगितले होते. त्यावर मागच्या बाकावरील मुलगी उठून म्हणाली, "सर, टेंभूचं पाणी आल्यापासून आमच्याच रानात ऊस आहे, मग आम्ही आता कुठं राहतो?" तो तास तिथेच थांबवून पुढचे दोन तास मी त्या प्रश्नाला दिले.