जळगाव एमआयडीसीत पंप बनवतो, सरकारी टेंडरमधे बाहेरच्या मालापुढे टिकाव लागेल का?

भाऊ, लागेल, पण तुमच्या मालात देशातला हिस्सा किती, म्हणजे किमतीतला किती टक्का देशातच तयार होतो, ते आधी काढा. केंद्राचा २०१७ चा मेक इन इंडिया खरेदीचा आदेश आहे, त्यात ५०% किंवा जास्त हिस्सा असला की क्लास-१ आणि २० ते ५० च्या मधे क्लास-२. पसंती फक्त क्लास-१ लाच. समजा एल-१, म्हणजे सगळ्यात कमी रेट, बाहेरच्या मालवाल्याचा १०० आणि तुमचा ११५, तर २०% च्या आत असल्यामुळे तुम्हाला १०० वर यायला विचारतात, आलात तर ऑर्डर तुमची, माल वाटून घेता येण्यासारखा असेल तर निम्मी. म्हणजे रेट शेवटी उतरवावाच लागतो, फुकटचं काही नाही. आणि ५ लाखाच्या आतल्या खरेदीला हे लागू नाही.

खरी गोची कागदात होते. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या शेडवाल्याने नुसतं ‘भारतात बनवलेलं’ लिहून दिलं, टक्का नाही, पत्ता नाही, बिड बाद! बिचारा आठवडाभर जेवला नाही नीट. टक्का आणि माल कुठे तयार होतो ते दोन्ही लिहाच, खरेदी १० कोटीच्या वर असेल तर सीए किंवा ऑडिटरचं सर्टिफिकेट लागतं. टक्का खोटा टाकू नका, २ वर्षांपर्यंत टेंडरमधून बाहेर काढतात.