बकिंगहॅम पॅलेसला ‘द’ का लागत नाही?

एका वाचकाने विचारलं आहे: इंग्रजीत ‘द व्हाइट हाउस’ म्हणतात, मग ‘द बकिंगहॅम पॅलेस’ का म्हणत नाहीत? दोन्ही इमारती सारख्याच प्रसिद्ध!

प्रसिद्धीचा इथे संबंध नाही. नावातला पहिला शब्द बघा. ‘व्हाइट’ हे साधं विशेषण. पांढरं घर कुठेही असू शकतं. त्यातलं ते ठरावीक घर, हे ‘द’ सांगतो. १९०१मध्ये थिओडोर रूझवेल्टनी हे नाव अधिकृत केलं, तरी त्याची घडण वर्णनाचीच राहिली. दिल्लीचा लाल किल्ला इंग्रजीत ‘द रेड फोर्ट’ होतो तोही याच न्यायाने. ‘बकिंगहॅम’ मात्र मुळातच विशेषनाम आहे. १७०३मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकने तिथे वाडा बांधला, त्याचं नाव पुढे राजवाड्याला राहिलं. गावाचं किंवा माणसाचं नाव पुढे असलं की ओळख पटलेलीच असते. म्हणून विंडसर कॅसल, वेस्टमिन्स्टर ॲबी, हीथ्रो एअरपोर्ट हे सगळे ‘द’शिवाय.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ‘ऑफ’ची. तेच नाव उलटं फिरवलं की ‘द’ हजर होतो. आपल्याच घरचं उदाहरण घ्या: ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ला ‘द’ नको, पण वाक्यात ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ म्हणावं लागतं. तसंच ‘लंडन ब्रिज’, पण ‘द टॉवर ऑफ लंडन’. आपलं गेटवे ऑफ इंडियाही यातच येतं.

‘बिल्डिंग’ शब्द मात्र हा नियम मोडतो. क्रायस्लर हे माणसाचं नाव, तरी ‘द क्रायस्लर बिल्डिंग’च. टॉवरचं तर काही खरं नाही: आयफेल टॉवरला ‘द’ हवा, ट्रम्प टॉवरला नको. राष्ट्रपती भवन ‘द’शिवाय चालतं आणि ताजमहालाला तो लागतो, इथेही तर्क पुरत नाही, कानालाच सवय लावावी लागते. संग्रहालयं आणि हॉटेलं बहुतेक ‘द’ घेतात: द ब्रिटिश म्युझियम, द रिट्झ.

उच्चाराचंही सांगतो. पुढे स्वर आला की ‘द’चा ‘दी’ होतो, म्हणून ‘दी आयफेल टॉवर’. आपल्याकडे जुन्या सहकारी संस्थांच्या पाट्यांवर ‘दि’ दिसतो, तो पुढचं अक्षर न पाहता लिहिलेला असतो.

मराठी वाक्यात मात्र हा ‘द’ आणू नये. ‘व्हाइट हाउसने खुलासा केला’ एवढंच लिहावं.