आधी रंकाळा, मग पन्हाळा

भावा, केमो संपून चार महिने झालेत आणि कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी थेट कोल्हापूर ते मुंबई सायकल काढायची म्हणतोस. जिद्दीला मुजरा! पण त्याच वाटेनं मीही आलोय, म्हणून थोडं ऐक.

आधी डॉक्टरांची परवानगी, ताज्या रक्ताच्या रिपोर्टसकट. हिमोग्लोबिन कमी असलं तर चढाला दम लागतो. काही औषधांनी बोटं बधिर होतात. माझी झाली होती. ब्रेक किती दाबलाय तेच कळेना, एकदा सरळ म्हशींच्या कळपात घुसलो. तेव्हा आधी मोकळ्या जागेत ब्रेक दाबून बघ.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- पहिल्याच रविवारी पन्हाळा. अंतर वीसेक किलोमीटरच, पण शेवटचा घाट जीव काढतो. महिनाभर रंकाळा तलावाच्या फेऱ्याच मार.
- सीट फार खाली. पॅडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा.
- देणग्या स्वतःच्या खात्यावर घेणं. हे अजिबात नको. संस्थेच्या खात्यात थेट जाऊ देत, आणि देणगीवरच्या करसवलतीची पावती मिळते का ते आधीच विचार.

लोक विचारतील, कशासाठी? कॅन्सरमुळे पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० मध्ये कॅनडात कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, संशोधनासाठीच. पण त्याची नको, तुझी गोष्ट सांग. माझी एवढीच: मला लागू पडलेलं औषध आधी कुणीतरी चाचणीत घेतलं होतं, ती उधारी फेडतोय.

गिअर, टायर, मुंबईचा रूट नंतर बघू. रविवारी सहाला रंकाळ्यावर ये, हेल्मेट घालून. मिसळ माझ्याकडून, तुला कट कमी.