ट्रोम्सोला येण्याआधी मुलाचा जन्मदाखला काढून बघ

पुण्यात मानवशास्त्रात एम.ए. झालंय, इथल्या उत्तरेकडच्या मूळनिवासी सामी लोकांवर काम करायला नॉर्वेत ट्रोम्सोला यायचंय, सोबत पाच वर्षांचा मुलगा आहे, जमेल का, असं विचारलंस. दोन ओळी लिहून मोकळी होणार होते. आज तिसरी रात्र.

फी, परवाना, बँकेत किती रक्कम दाखवायची, हे सगळं अधिकृत माहितीत मिळेल. आम्ही आलो तेव्हा इथे फीच नव्हती. २०२३ पासून युरोपाबाहेरच्यांना लागू झाली. त्यामुळे तुला बिनधास्त 'ये' म्हणायला मला तोंड नाही.

आधी मुलाचा जन्मदाखला बघ. माझ्या लेकीच्या दाखल्यावर नावाची जागाच कोरी होती. दाखला बारशाच्या आधी निघालेला, नंतर कुणी पाहिलंच नाही. आईने नगरपालिकेत चार खेपा घातल्या. मग लेकीचा परवाना बघणाऱ्या इथल्या बाईंचा प्रश्न : तुम्हा मायलेकींचं मधलं नाव एकच, तेही पुरुषाचं, आणि नवऱ्याचं मात्र वेगळं, असं कसं? आपल्याकडे बाप नि नवरा मध्ये बसतो, हे मी तीन पत्रांत समजावलं. पाच महिने गेले त्यात. तोवर मी इथे, लेक साताऱ्याला. अजून आठवलं की डोकं फिरतं.

आता अभ्यासाचं. रेनडिअर, बर्फ आणि रंगीत पोशाख डोक्यात घेऊन येऊ नकोस. बहुतेक सामी रेनडिअर पाळत नाहीत. जे पाळतात त्यांना 'किती आहेत?' विचारू नकोस, बँकेत किती आहेत विचारल्यासारखं होतं. तिथली खरी गोष्ट हिवाळ्यातल्या पावसाची आहे. मध्येच पाऊस पडतो, लगेच गोठतो, जमिनीवर बर्फाचं कवच बसतं आणि जनावराला खालचं दगडफूल उकरता येत नाही. मग चारा विकत आणा. फोसेनला सामींच्या रेनडिअरांच्या कुरणात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांचं प्रकरणही वाच : सामींच्या संस्कृतीच्या हक्कावर गदा येते म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने बेकायदा ठरवले, तरी पाती फिरतच राहिली. संस्कृती म्हणजे काय, ते मला वर्गापेक्षा त्या निकालात जास्त कळलं.

माझा विषय मात्र भाषा होता. कोफ्योर्ड म्हणून किनाऱ्यावरचा भाग आहे. तिथे नव्वदच्या दशकात रस्त्यावरच्या पाटीवर सामी नाव लागलं, तर लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८९८ मध्ये, शिक्षकांना आदेश होता की वर्गात सामी अगदी अटळ असेल तेवढीच वापरा. दिवसभर मी त्या आदेशावर लिहायचे. आणि लेकीच्या शाळेतल्या बाई, स्वभावाने अगदी गोड, मला म्हणाल्या, घरीही नॉर्वेजियन बोला, लवकर रुळेल. मी ऐकलं. संध्याकाळी ताट वाढताना भाताला 'रीस' म्हण, असं मीच शिकवत होते. पाच वर्षांच्या पोरीला. हे कुणावर ढकलू?

कोफ्योर्डच्या एका आजींकडे मुलाखतीला गेले होते. ओट्यावर मासे साफ करता करता त्या म्हणाल्या, पोरांना शाळेत त्रास नको म्हणून मी त्यांच्याशी सामीत बोललेच नाही. मग हात पुसत मला विचारलं, "तू तुझ्या मुलीशी कोणत्या भाषेत बोलतेस?" मी रेकॉर्डर बंद केला. तेवढा भाग प्रबंधात नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात इथल्या संसदेने सामींची माफी मागितली. ते मी लेकीच्या शेजारी बसून टीव्हीवर पाहिलं. तिने मला अवघड शब्दांचे अर्थ सांगितले, नॉर्वेजियनमधून.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, दुपारी थोडा निळा उजेड येतो. कॉडलिव्हर ऑइल घे, रोज बाहेर पड, शेजारणीकडे न बोलावता जाऊ नकोस. बाकी सवय होते.

लेक आता तेराची आहे. सहा फेब्रुवारीला, सामींच्या राष्ट्रीय दिवशी, शाळेत सामी गाणं म्हणते, पाठ आहे तिला. साताऱ्याच्या आजीशी फोनवर "हो", "बरी आहे", आणि मग फोन माझ्याकडे.

तू ये किंवा नको येऊ. येणार असशील तर बालभारतीची पहिलीची पुस्तकं दोन आण, एक मला दे. आणि त्या दाखल्याचं आजच बघ, नगरपालिका दुपारी जेवायला बंद असते.